बेसबॉलच्या मैदानाला सरकतं छप्पर हवं का?

उंबरठा:
मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) ३० संघांपैकी सात संघांच्या मैदानांवर आज सरकतं छप्पर आहे: टोरांटो, फिनिक्स, सिॲटल, ह्यूस्टन, मिलवॉकी, मायामी आणि टेक्सासमधलं आर्लिंग्टन. शेवटचं आर्लिंग्टनचं, २०२० सालचं. लास व्हेगासला ॲथलेटिक्स संघासाठी २०२८ पर्यंत जे मैदान उभं राहायचं आहे, त्याचं छप्पर मात्र कायमचं बंद असणार आहे. फिनिक्सच्या चेस फील्डचं छप्पर १९९८ चं. केबल जुन्या झाल्यामुळे अलीकडच्या हंगामांत प्रेक्षक आत असताना ते हलवत नाहीत. उघडं ठेवायचं की बंद, ते लोक आत येण्याआधीच ठरतं.

माझं मत छपराच्या बाजूने आहे. हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर, आणि हे सगळं सहा महिन्यांत. एक सामना पावसात गेला की तो पुढे कुठेतरी बसवायचा, मग एका दिवसात दोन सामने, पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) पाळ्या विस्कटल्या. शिवाय टेक्सासच्या ऑगस्टमध्ये दुपारी उघड्यावर तीन तास बसणं ही शिक्षाच आहे. पण एवढा पैसा निव्वळ सोयीसाठी घालावा का? आणि छप्पर घालायचंच तर ते हलणारं कशाला? कायमचं का नको?

हिरवळ:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: गवत.

१९६५ साली ह्यूस्टनचा ॲस्ट्रोडोम उघडला, तेव्हा कायमच्या छपराखाली खरं गवत वाढवायचा प्रयत्न झाला होता. छपराला चार हजारांहून अधिक पारदर्शक तावदानं होती. दिवसाच्या सामन्यात त्यातून अशी तिरीप यायची की वर गेलेला चेंडू खेळाडूंना दिसेनासा व्हायचा. म्हणून तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला, पण गवत मेलं. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग फासून काढला, आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम हिरवळ आली. ॲस्ट्रोटर्फ हे नावच त्या मैदानावरून पडलं. पुढची ३० वर्षं छप्पर म्हटलं की प्लास्टिकचं गवत असंच समीकरण होतं. नव्वदीत फिनिक्स, सिॲटल, ह्यूस्टन आणि मिलवॉकीने सरकती छपरं आखली ती छपराखाली खरी हिरवळ ठेवता यावी म्हणून. पाऊस तर कायमचं छप्परही अडवतंच.

सावळा_गोंधळ:
पण त्यातल्या फिनिक्सने २०१९ मध्ये आणि मायामीने २०२० मध्ये गवत काढून टाकलं ना? आर्लिंग्टनने तर पहिल्या दिवसापासून कृत्रिमच घातलं. मग कारणच संपलं की!

हिरवळ:
बरोबर, आणि ते का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. गरम हवेत टिकणारं मैदानी गवत म्हणजे बर्म्युडा. ही आपल्या हरळीची, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच संकरित बहीण. शेताच्या बांधावर हरळी कशी माजते ते सगळ्यांना माहीत आहे, पण तीच झाडाच्या दाट सावलीत विरळ होत जाते. तिला दिवसाचे सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. मिलवॉकी आणि सिॲटलला थंड हवेची गवतं चालतात, केंटकी ब्लूग्रास किंवा रायग्रास. ती त्या मानाने कमी उन्हात भागवून घेतात. म्हणजे जिथे उन्हामुळे छप्पर बंद ठेवावंच लागतं, नेमकं तिथेच उन्हाला हपापलेलं गवत लावावं लागतं.

फिनिक्सला यावर उपाय असा होता की सकाळपासून छप्पर उघडं ठेवून गवताला ऊन द्यायचं, दुपारी छप्पर मिटायचं आणि सामन्याआधी काही तास वातानुकूलन पूर्ण जोरात चालवायचं. हवा लवकर गार होते. पण तापलेलं काँक्रीट, खुर्च्या आणि पोलाद आतली उष्णता सावकाश सोडत राहतात. गार हवा जड असल्यामुळे खाली बसते, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे प्रेक्षक उकडतच राहतात. कृत्रिम हिरवळ आल्यावर छप्पर दिवसभर मिटलेलं ठेवता येऊ लागलं आणि ही रोजची कसरत थांबली.

लोखंडी_चाक:
आता यंत्राबद्दल. सरकतं छप्पर म्हणजे रुळांवर चालणारी इमारत आहे.

सिॲटलचं उदाहरण घ्या, जुलै १९९९ मध्ये सुरू झालेलं. तीन पट्टे, एकूण वजन सुमारे ११,००० टन. १२८ पोलादी चाकं आणि त्यांना फिरवणाऱ्या १० अश्वशक्तीच्या ९६ विद्युत मोटरी. एकच मोठी मोटर का नाही? कारण जोर सगळ्या चाकांवर सारखा पडायला हवा आणि दोन-चार मोटरी बंद पडल्या तरी छप्पर अधांतरी अडकता कामा नये. टोरांटोला (१९८९) वेगळी रचना आहे. चार भाग, एक पक्का, दोन सरळ सरकणारे, एक गोल फिरणारा; पूर्ण उघडायला २० मिनिटं. मिलवॉकीचं (२००१) जपानी पंख्यासारखं उघडतं. होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) बिजागरी, आउटफील्डमागे (दूरच्या गवताळ भागामागे) वक्र रूळ. सात पट्ट्यांपैकी पाच हलतात, दहाएक मिनिटांत काम होतं.

बिघाड कुठे होतात?

सगळ्यात मोठी डोकेदुखी तिरपेपणाची. पट्ट्याचं एक टोक पहिल्या बेसच्या अंगाला (मैदानाच्या उजवीकडे), दुसरं तिसऱ्या बेसच्या (डावीकडे). एका बाजूची चाकं किंचित पुढे गेली तरी पट्टा तिरका होतो आणि चाकाची कड रुळाला घासायला लागते. म्हणून दोन्ही बाजू किती सरकल्या ते सतत मोजतात आणि फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणा आपोआप थांबते. दुसरी गोष्ट तापमानाची. २०० मीटर लांबीची पोलादी कैची (छपराला पेलणारा सांगाडा) ४० अंशांच्या फरकाने जवळपास १० सेंटिमीटर लांबते. दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली तर तो ताण खालच्या खांबांवर येईल, म्हणून एका टोकाला मोकळीक ठेवावी लागते. तिसरी गोष्ट, पट्ट्यांमधल्या रबरी पट्ट्या. ऊन आणि घासणं यांनी त्या कडक होतात आणि ऐन पावसात प्रेक्षकांच्या डोक्यावर धार लागते.

मिलवॉकीला आउटफील्डकडचे चाकांचे गाडेच बदलावे लागले, २००६ च्या हंगामानंतर. दहा गाडे, प्रत्येकी सुमारे ६० टनांचे. छप्पर तेव्हा अवघं सहा हंगाम वापरलेलं होतं.

आभाळमाया:
मिलवॉकीचं नाव निघालं म्हणून: १४ जुलै १९९९ ला तिथे छपराचा भाग उचलताना 'बिग ब्लू' ही प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन लोखंडकाम करणारे कामगार गेले. उद्घाटन २००० वरून २००१ वर गेलं. त्या तिघांचं स्मारक मैदानाबाहेर आहे. खर्चाचा हिशोब मांडताना हेही लक्षात असू द्यावं.

उंबरठा:
हे आवर्जून लिहिलंत, आभार.

@लोखंडी_चाक, वाऱ्याचं काय? वादळ समोर दिसतंय आणि छप्पर उघडं आहे, अशा वेळी?

लोखंडी_चाक:
वारा मर्यादेपलीकडे गेला की छप्पर हलवत नाहीत. मिटलेलं किंवा पूर्ण उघडलेलं असताना ते कुलपांनी जखडलेलं असतं. अर्धवट असताना ते सगळ्यात दुबळं, कारण तेव्हा चाकं आणि ब्रेक यांच्यावरच भिस्त असते. म्हणून निर्णय ढग डोक्यावर येण्याआधी घ्यावा लागतो. मिटायला २० मिनिटं लागत असतील तर रडारवर पाऊस अर्ध्या तासावर असतानाच बटण दाबलं पाहिजे. टोरांटोत ३ जून १९८९ ला उद्घाटनाच्या सोहळ्यात पावसातच छप्पर उघडलं आणि जमलेले सगळे भिजले. त्याच मैदानावर एप्रिल २००१ मध्ये दोन पट्टे एकमेकांवर आदळले, तुकडे खाली पडले आणि त्या दिवशीचा सामना रद्द झाला.

चिंचेचं_बन:
आणि एप्रिल २०१८ मध्ये शेजारच्या सीएन टॉवरवरून बर्फाचा गोळा पडून टोरांटोच्या छपराला भोक पडलं, सामना पुढे ढकलला! छप्पर असून सामना बुडाला.

पावसाळी_ढग:
मी इथे विरुद्ध बाजूने लिहितोय. छपराशिवाय पावसाचा बंदोबस्त किती होतो ते आधी पाहू.

आधुनिक आउटफील्डखाली साधारण फूटभर वाळूचा थर असतो, त्याखाली चार इंच बारीक खडी, त्याखाली भोकं पाडलेले नळ. असं मैदान तासाला काही इंच पाणी सहज पिऊन टाकतं. अडचण आउटफील्डची नसतेच, ती इनफील्डच्या (बेसच्या आसपासच्या भागाच्या) मातीची असते. त्या मातीत वाळूबरोबर गाळ आणि चिकणमाती मुद्दाम ठेवलेली असते, कारण पायाखाली ती घट्ट हवी. ती एकदा भिजली की चिखल. म्हणून फक्त इनफील्ड झाकतात. ताडपत्री १७० फूट बाय १७० फुटांची, मोठ्या पोकळ नळकांड्यावर गुंडाळलेली, ओढायला पंधरा-वीस माणसं.

तिच्यावर एक इंच पाऊस पडला तर हिशोब करा: साधारण ६८,००० लिटर पाणी, म्हणजे ६८ टन. ते उचलता येत नाही. एक कड धरून दुमडत न्यायचं आणि पाणी आउटफील्डच्या गवतावर सोडायचं, कारण तिथला निचरा चांगला. घाईत पाणी मातीच्या कडेला सांडलं की झाकल्याचा उपयोग शून्य. मग भाजलेल्या चिकणमातीचे बारीक खडे पसरायचे, ते ओल शोषतात. जास्त टाकले तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. ऊन निघाल्यावर ताडपत्री तशीच ठेवली तर खालचं गवत अक्षरशः शिजतं, म्हणून पाऊस थांबताच पळापळ.

एवढं नीट केलं तर मध्यम पावसानंतर तासाभरात खेळ सुरू होतो. लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोला पाऊस हा प्रश्नच नाही. अशा शहरांत छपराचा विचारसुद्धा करू नये.

सावळा_गोंधळ:
हे सगळं वाचून वानखेडे आठवलं. आपल्याकडे का नाही असं छप्पर? २०२३ ची आयपीएल फायनल अहमदाबादला २८ मे ची २९ वर गेली आणि ३० तारीख उजाडल्यावर संपली.

पावसाळी_ढग:
अवांतर आहे, पण उत्तर देतो. मुंबईत पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो, आणि क्रिकेटचं वेळापत्रक तेच चार महिने टाळून आखलेलं असतं. उरलेल्या आठ महिन्यांसाठी छप्पर कशाला? वानखेडेवर २०११ च्या नूतनीकरणात प्रेक्षकांवर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचं छप्पर घातलं, तेवढं पुरे. बंगळूरुने दुसरा मार्ग धरला. चिन्नास्वामीवर २०१७ मध्ये जमिनीखालून पाणी शोषून घेणारी सबएअर यंत्रणा बसवली.

नवव्या_डावातला:
क्रिकेट सरकत्या छपराखालीही झालंय. मेलबर्नच्या डॉकलँड्स मैदानावर ऑगस्ट २००० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका छपराखाली एकदिवसीय सामने खेळले. पण तिथे चेंडू छपराला लागतो तेव्हा काय करायचं हा प्रश्न बिग बॅशमध्ये पुन्हा पुन्हा येतो. बेसबॉलमध्ये टँपा बेच्या ट्रॉपिकाना फील्डवर वरच्या लोखंडी कड्यांना चेंडू लागण्यासाठी वेगळे नियमच आहेत. बाहेरच्या सी आणि डी या कड्यांना फेअर (वैध) हद्दीत लागला तर होम रन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका.

मूळ विषयाकडे येतो, कारण छपराचा खेळावर होणारा परिणाम कोणी लिहिला नाही. हवा १० अंश फॅरेनहाइटने जास्त गरम असेल तर लांब मारलेला चेंडू साधारण तीन फूट जास्त जातो, कारण हवा विरळ असते. छप्पर मिटून आत गारवा केला की तो फायदा जातो, पण समोरचा वाराही जातो. शिवाय आवाज कोंडतो आणि घरच्या संघाला बळ मिळतं. म्हणूनच सामन्याच्या आधी उघडं की बंद हे घरचा संघ ठरवतो, पण एकदा खेळ सुरू झाला की मुख्य पंचाला विचारात घेतल्याशिवाय हलवता येत नाही. २००५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (हंगामाच्या अंतिम मालिकेत) ह्यूस्टनला छप्पर मिटून खेळायचं होतं. लीगने उघडायला लावलं. तो तिसरा सामना १४ इनिंग चालला आणि ह्यूस्टन हरलं.

उलट उदाहरण २००८ चं. फिलाडेल्फियात पाचवा सामना २७ ऑक्टोबरला सहाव्या इनिंगमध्ये २-२ वर पावसाने थांबला आणि २९ ला पूर्ण झाला. वर्ल्ड सीरिज ऑक्टोबरच्या शेवटी ईशान्य अमेरिकेत खेळवायची तर हे होणारच.

चिंचेचं_बन:
किड्यांना विसरू नका! २७ ऑगस्ट १९९० ला टोरांटोत किड्यांचा थवा आला तेव्हा खेळ थांबवून छप्पर मिटलं. क्लीव्हलंडला छप्पर नाही, तिथे ऑक्टोबर २००७ मध्ये एरी सरोवरावरून आलेल्या चिलटांत न्यूयॉर्क यँकीज संघाचा तरुण पिचर अंगावर फवारे मारून घेत खेळत होता, आणि यँकीज हरले. छत्री नुसती पावसाची नसते. :)

आभाळमाया:
क्लीव्हलंडचंच दुसरं उदाहरण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे इतका बर्फ पडला की एंजल्स संघाविरुद्धची तीन सामन्यांची मालिका मिलवॉकीच्या छपराखाली नेली. पुढच्या वर्षी 'आइक' चक्रीवादळामुळे ह्यूस्टनचे दोन सामनेही मिलवॉकीलाच गेले, आणि त्यातल्या पहिल्यात, १४ सप्टेंबर २००८ ला, शिकागो कब्जच्या कार्लोस झांब्रानोने नो-हिटर टाकली (समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही). ह्यूस्टनकडे स्वतःचं छप्पर होतं. पण शहरच ठप्प झाल्यावर छप्पर काय करणार?

कायमच्या छपराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कापडी छपरांचा इतिहासही पाहावा. ९ ऑक्टोबर २०२४ ला 'मिल्टन' वादळाने ट्रॉपिकाना फील्डचं कापड फाडून टाकलं आणि रेज संघाला २०२५ चा अख्खा हंगाम टँपातल्या स्टाइनब्रेनर फील्डवर, उघड्यावर खेळावा लागला. मिनियापोलिसचं हवेच्या दाबावर फुगवलेलं मेट्रोडोमचं छप्पर १२ डिसेंबर २०१० ला बर्फाखाली फाटलं. माँट्रियलला तर १६५ मीटरच्या झुकत्या मनोऱ्यावरून २६ केबलनी उचललं जाणारं केव्हलारचं छप्पर होतं. ते वाऱ्यात इतकं फाटायचं की शेवटी १९९८ मध्ये कायमचं छप्पर बसवलं, आणि जानेवारी १९९९ मध्ये तेही बर्फाने फाटलं.

लोखंडी_चाक:
माँट्रियलची चूक मुळातच होती. कापड ताणलेलं असतं तोवर ते मजबूत असतं. उचलताना आणि घडी पडताना ते सैल होतं, वाऱ्यात फडफडतं आणि घडीच्या रेषेवर फाटतं. म्हणून बेसबॉलच्या नंतरच्या सरकत्या छपरांच्या मैदानांनी कडक पोलादी पट्टे निवडले.

कोरडी_विहीर:
पैशाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आर्लिंग्टनचं आधीचं मैदान १९९४ चं. इमारत धडधाकट होती. तरी २६ हंगामांत ते सोडलं, आणि नवं हवं याचं मुख्य कारण ऊन. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी शहराचे ५० कोटी डॉलरपर्यंत मंजूर केले, एकूण खर्च १०० कोटींच्या वर गेला. आत कृत्रिम हिरवळ. मग मी विचारतो, जे छप्पर उन्हाळाभर मिटलेलंच राहणार आणि खाली गवतही नाही, त्याला चाकं कशाला? रूळ, मोटरी, ब्रेक, दर वर्षीची तपासणी, हे सगळं एप्रिल आणि सप्टेंबरच्या काही सुखद संध्याकाळींसाठी. तो पैसा लोकांचा आहे. व्हेगासने कायमचं छप्पर निवडलं ते मला प्रामाणिक वाटतं.

हिरवळ:
पैशाचा मुद्दा मान्य. पण त्या संध्याकाळी 'काही' म्हणून सोडून देऊ नका. बेसबॉल हा आभाळाखालचा खेळ आहे. उंच गेलेला चेंडू निळ्या आभाळात पाहणं आणि पोलादी कैच्यांच्या जाळ्यात शोधणं यात फरक आहे, खेळणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही.

आणि गवताची लढाई हरलेली नाही. जपानमध्ये होक्काइदोला २०२३ पासून एस कॉन फील्ड सुरू आहे. सरकतं छप्पर आणि खाली खरं गवत घेऊनच ते उघडलं. गंमत भिंतीत आहे: आउटफील्डमागची भिंत प्रचंड काचेची आहे, त्यामुळे छप्पर मिटलेलं असतानाही उजेड येतो. जमीन खालून उबदार ठेवायची सोयही आहे. मिलवॉकीत चाकाच्या गाड्यांवरचे वाढीचे दिवे सावलीच्या पट्ट्यांवर फिरवतात.

पावसाळी_ढग:
मिनियापोलिसचं उदाहरण राहिलं. मेट्रोडोममधून बाहेर पडून ट्विन्स संघ २०१० मध्ये टार्गेट फील्डवर गेला. शहर बर्फाचं, तरी छप्पर घातलं नाही. त्याऐवजी मैदानाखाली गरम पाण्याचे नळ आणि वरच्या मजल्यावर रुंद पडवीसारखं छत. एप्रिलमध्ये थंडी वाजते, पण जून ते ऑगस्ट तिथल्यासारखी हवा नाही.

उंबरठा:
सगळं पुन्हा वाचलं. माझं मूळ मत बदलावं लागतंय. मी 'छप्पर हवं' असं सरसकट म्हटलं होतं. आता असं वाटतं: जिथे महिनोन्‌महिने ऊन असह्य असतं (२०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता), तिथे भरपूर उजेड देणारं कायमचं छप्पर आणि कृत्रिम हिरवळ. जिथे एप्रिल वाईट आणि जुलै सुंदर, तिथे सरकतं छप्पर आणि खरं गवत. बाकी ठिकाणी चांगला निचरा, ताडपत्री आणि प्रेक्षकांवर रुंद छत.

एक शंका उरली. सिॲटलचं छप्पर म्हणे नुसती छत्री आहे, बाजूच्या भिंती नाहीत. त्याने खर्च किती वाचतो?

लोखंडी_चाक:
आकडा सांगण्यापेक्षा काय काय वाचतं ते सांगतो. भिंती नाहीत म्हणजे हवाबंद करायच्या रबरी पट्ट्या कमी, अख्ख्या मैदानाचं वातानुकूलन नाही, त्याची वीज नाही, आणि उजेड व वारा बाजूने येत राहिल्यामुळे गवतही सुखात राहतं. उघडल्यावर तिन्ही पट्टे पूर्वेला रेल्वेमार्गाच्या वरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबतात. ज्या शहराचा प्रश्न फक्त पावसाचा आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

चिंचेचं_बन:
म्हणजे छप्पर मिटलं तरी आत ऊब नाही?

लोखंडी_चाक:
नाही. बाहेर आठ अंश तर आतही आठच्या आसपास, फक्त कोरडं. एप्रिलमधल्या रात्रीच्या सामन्याला जाड जॅकेट आणि कानटोपी न्यावीच लागते.